आठ मिनिटं वीस सेकंद

कुंडलिक नानांच्या शब्दाला आमच्या भागात काय वजन होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला खुळेपणा वाटेल. मलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. तोंड आवरत नाही ही माझी जुनी खोड.

जुन्नर-आंबेगावकडची बैलगाड्याची शर्यत कधी बघितली नसेल तर एवढंच ध्यानात घ्या की इथं दोन गाडे शेजारी शेजारी पळत नाहीत. घाट म्हणजे चढाचा आखलेला पट्टा. त्यावर एका वेळी एकच गाडा सुटतो, ती त्याची बारी, आणि तो घड्याळाशी पळतो. खाली निशाण पडलं की घड्याळ चालू, वरची रेघ ओलांडली की बंद. बारा सेकंदांचा सगळा खेळ. त्यामुळं घाटात सगळ्यात मोठा माणूस गाडामालक नसतो, घड्याळ धरणारा असतो. नव्वद सालापासून पुढं पंधराएक वर्षं, मंचरपासून आळेफाट्यापर्यंत कुठंही यात्रा असली की घड्याळ धरायला पिंपळवंडीच्या कुंडलिक काकडेंना बोलावणं जायचं. एरवी हा माणूस गावच्या डेअरीवर सकाळी दुधाची फॅट लावायचा आणि दीड एकरात कांदा करायचा. उंची बेताची, आवाज बारीक. पण भोंग्यावरून त्यांनी सेकंद पुकारले की त्यावर कोणी हुं का चू करायचं नाही.

शहाण्णव साली घोडेगावकडच्या एका यात्रेत त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचा, सावळेरामचा गाडा पळाला. नानांनी अकरा सेकंद पुकारले. पब्लिक नाचली, सावळेरामला खांद्यावर घेतला, गुलाल झाला. अर्ध्या तासानं नाना उठले, पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "मघाशी सावळेरामच्या बारीला मी अकरा सांगितलं. रेघंवर माणसं आली व्हती, माजा अंगठा आधी पडला. ती बारी मी परत घेतो. गाडा पुन्यांदा पळवा." कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं हो. गप्प बसले असते तर आजही कोणाला कळलं नसतं. दमलेले बैल पुन्हा पळाले, तेरावर गेले, पहिला नंबर गेला. सावळेराम पुढं दोन वर्षं बहिणीच्या घरी आला नाही.

मी नानांना एकदा विचारलं होतं, की मेव्हण्याला घरी जाऊन हळूच सांगायचं होतं, चारचौघांत कशाला? तर म्हणाले, "ज्या भोंग्यावर बोललो त्याच भोंग्यावर परत घ्याया पायजे. घरी जाऊन सांगितलं तर ते सांगितलं न्हाई."

तर असा माणूस.

मी गोरख. नारायणगावातून वारूळवाडीकडं जाताना माझं सायबर कॅफे होतं. पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. दहावीचे निकाल, रेल्वेची तिकिटं, पोलीस भरतीचे फॉर्म असला धंदा. त्यात दोन हजार आठच्या डिसेंबरात नाना आले. त्यांच्या मंडळींचे, चिमाकाकूंचे गुडघे धरले होते. कांद्याची लागण वाकून वाकून केलेली बाई, त्यात थंडी. कोणीतरी नानांना सांगितलं होतं की विजेवर तापणारी शेकायची पिशवी निघालीय. आत पाणी भरलेलंच असतं, प्लगला लावायची, तापली की दिवा विझतो आणि आपोआप बंद होते. नारायणगावात कुठं मिळेना. मी एका साईटवर शोधून दिली, माझ्याच कार्डावर मागवून दिली, आठव्या दिवशी कुरिअर आलं. गुलाबी रंगाची, मऊ, वर फुलाफुलांचं कापड.

तिसऱ्या दिवशी नाना खुशीत कॅफेवर हजर. काकूंना रात्रीची झोप लागली होती. नानांनी म्हणे सवयीनं घड्याळ लावून बघितलं. आठ मिनिटं वीस सेकंदात पिशवी तापते आणि टक करून बंद होते. तीनदा लावलं, तिन्ही वेळा तेवढंच.

इथं माझं नडलं. साईटवाले माल पोचल्यावर मेल पाठवतात, की आपला अभिप्राय लिहा, पुढच्या खरेदीवर सूट मिळवा. मी म्हणालो, "नाना, लिहूया की. तुमचं काय जातंय?" नाना म्हणाले लिही. त्यांनी मराठीत सांगितलं, मी माझ्या बारावीच्या इंग्रजीत बडवलं. माल एक नंबर आहे. आठ मिनिटं वीस सेकंद, स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे. गुडघेदुखीवाल्यांनी डोळे झाकून घ्यावी. पाचपैकी पाच चांदण्या. खाली नानांनी संपूर्ण नाव, गाव, तालुका आणि मोबाईल नंबर घालायला लावला. मी म्हणालो, नंबर कशाला? तर म्हणाले, "कुणाला काय विचारायचं असलं तर? बिननावाचं बोलणं म्हंजी कुजबूज." तासाभरात साईटवर झळकलं. नानांनी स्वतःचं नाव स्क्रीनवर दोनदा वाचलं. प्रिंट मागितली, मी काढून दिली.

जानेवारीत पिशवी फुटली.

दुपारची वेळ होती. नाना डेअरीच्या मीटिंगला गेले होते. भारनियमन संपून नुकतीच लाईट आली होती, आणि आमच्याकडं लाईट परत येते ती कशी येते हे इथल्या बायकांना विचारा. पंखा नुसता भिरभिर फिरतो, बल्ब पांढराफटक पेटतो. काकूंनी पिशवी लावली आणि शेंगा फोडत बसल्या. दिवा विझायची वाट बघत होत्या. नवऱ्यानं सांगितलेलं, आठ मिनिटं वीस सेकंदांनी आपोआप बंद होते, घोर नको करू. दिवा विझेना. शेवटी प्लग काढून पिशवी मांडीवर घेतली आणि शिवण उसवली. उकळतं पाणी. मांडीपासून गुडघ्यापर्यंत कातडं सोलून निघालं. नारायणगावच्या दवाखान्यात बारा दिवस.

मी भेटायला गेलो तर काकू पडल्या पडल्या मला म्हणतात, "गोरख, आमच्या ह्यांच्या घड्याळानं भाजलं बघ मला." थट्टेनंच बोलल्या त्या, स्वभावच तसा. पण नाना खिडकीकडं तोंड करून उभे होते ते तसेच उभे राहिले.

बारा दिवस झाल्यावर नाना काकूंना घरी पोचवून थेट माझ्याकडं आले. चहा नको, पाणी नको. म्हणाले, "लिही. माजा शब्द परत घ्यायचाय." मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे. खिशातून त्यांनी घडी घातलेला फूलस्केप काढला. घरी लिहून आणलेला होता. प्रति, माननीय मालक साहेब. विषय, माझा आधी दिलेला शब्द परत घेणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की. खाली आपला विश्वासू, सही, मुक्काम पोस्ट, फोन. सोबत डॉक्टरचा दाखला आणि सरपंचांचा गोल शिक्का.

मी डोक्याला हात लावला. "नाना, हे अभिप्रायाचं खोकं आहे, कलेक्टर कचेरी नाही. इथं शिक्का चिकटत नाही." पण ते ऐकेनात, आणि मी जेवढं बसलं तेवढं इंग्रजीत बसवलं. एक चांदणी.

तिसऱ्या दिवशी मेल. आपला अभिप्राय आमच्या नियमांत बसत नसल्यामुळे प्रसिद्ध करता येत नाही. अभिप्रायात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर देऊ नये.

नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आन आधीच्या वक्ताला कसं चाललं?" चाललं होतंच. आधीचं नाव, गाव, नंबर सगळं तसंच वर दिसत होतं. मी साईटच्या नंबरवर फोन लावला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक पोरगी आली. गोड बोलायची. "सर, वो सब सिस्टम से होता है." मी म्हणालो, बाई, तुमचं सिस्टम कौतुकाला नाव विचारत नाही आणि तक्रारीला नाव चालत नाही, हे कसलं सिस्टम? ती म्हणाली, "आपका फीडबॅक हमारे लिए बहुत कीमती है." माझं टाळकं सटकलं. मी फोन आपटला, माझाच होता, काच गेली.

बिननावाचं लिहायला नाना तयार नव्हते. दोन दिवस येऊन नुसते बाकड्यावर बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. त्यांच्या हिशेबानं निनावी अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिणं. डेअरीवर असे अर्ज यायचे ते तेच फाडून टाकायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिही बाबा. नाव नको तर नको." लिहिलं, की पिशवी फुटून बाई भाजली. मेल आला, नियमांत बसत नाही, अभिप्राय फक्त वस्तूबद्दल असावा. मग मी म्हणालो, ठीक, वस्तूबद्दल. लिहिलं, आपोआप बंद होत नाही, शिवण कच्ची आहे. मेल आला, नियमांत बसत नाही. कारणच नाही. अरे, मालाला नाव ठेवायचं नाही तर मग विचारता कशाला, कसा वाटला म्हणून? पोरगी बघायला गेल्यावर तिच्या बापानं चहा कसा झालाय विचारावं, तसं?

मग मला खुमखुमी आली. नाना समोर बसलेले, मी चहा मागवला, आणि खोट्या नावानं एक नवीन खातं उघडून ठोकून दिलं, की अप्रतिम पिशवी, माझी आजी आता नाचते. पाच चांदण्या. नानांचा कप निम्मा व्हायच्या आत ते साईटवर आलं. मी टेबलावर थाप मारली. "बघा नाना, सापडला चोर. नियमबियम काही नाही. चांगलं लिहिलं की दार उघडं, वाईट लिहिलं की बंद."

मला वाटलं नाना खूश होतील. नानांनी कप खाली ठेवला. "काढ ते."

मी शोधलं. काढायची सोयच नव्हती.

"म्हंजी आता दोन झाली," नाना म्हणाले. "एक माजं आन एक तुजं. माजं तरी तवा खरं व्हतं, गोरख."

लई वाईट वाटलं मला. वाटायलाच पाहिजे होतं. पण चूक कबूल करण्यापेक्षा दुसरी युक्ती काढणं मला सोपं जातं. मी म्हणालो, "नाना, चांदण्या पाच देऊ, म्हणजे सिस्टम फसेल, आणि आत मजकुरात खरं लिहू." नाना माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी त्यांना घड्याळ पुढं करायला सांगितलंय. "ज्याला इंग्रजी येत न्हाई तो चांदण्याच मोजणार. त्याला काय कळायचं आत काय लिवलंय?" विषय संपला.

दरम्यान नानांना फोन यायला लागले.

पहिल्या अभिप्रायात नंबर होताच. कोणी लातूरवरून, कोणी अकोल्यावरून, एक तर बेळगावची बाई. "तुम्ही घड्याळ लावून बघितलं म्हणे, चांगली आहे का हो पिशवी?" नाना प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचे. घेऊ नका. घेतली असंल तर वापरू नका. माजं चुकलं. पलीकडचा माणूस गोंधळायचा, पण घेत नसावा. घरी लाईट नसली तर मोबाईल बंद पडेल म्हणून नाना रोज पिंपळवंडीहून जीपनं यायचे, आणि माझ्या इन्व्हर्टरवर चार्जिंगला लावून शेजारी बसायचे. जेवतानाही फोन ताटाशेजारी. काकू म्हणायच्या, "म्हातारपणी नोकरी लागलीय ह्यांना. बिनपगारी." मला मात्र बरं वाटत होतं. साईटनं खोकं बंद केलं असलं तरी नाना स्वतःच खोकं झाले होते. ज्याला खरं ऐकायचं असेल त्यानं नंबर फिरवावा.

मार्चमध्ये सुदर्शन नावाच्या मुलाचा फोन आला. चाकणला कंपनीत कामाला होता, मूळचा आळ्याचा. त्याला काही विचारायचं नव्हतं, त्याला आभार मानायचे होते. "नाना, साईटवर पिंपळवंडीचं नाव बघितलं आन म्हणलं घाटातलं घड्याळवालं कुंडलिक नानाच. मग दुसरं काय बघितलंच न्हाई. आईला पाठवून दिली. साळुबाई म्हणून आई हाय माजी, आळ्यात एकटीच असती. लई बरं वाटतंय तिला."

नानांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो घुटमळला आणि म्हणाला, "पण नाना, मी आत्ता बघितलं, तिथं तुमच्या नावावर चांगलंच लिहिलेलं हाय."

मी शटर ओढलं, नानांना मोटरसायकलवर मागं बसवलं आणि आळ्याला निघालो.  आळेफाट्याला ट्रक आडवा आला तेव्हा नाना माझ्या खांद्यावर ठोकून म्हणाले, "हाण ना रे."

साळुबाईंचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या. आम्ही दारात गेलो तर बाई पलंगावर बसलेल्या आणि ती गुलाबी पिशवी बोर्डाला लावलेली. लाल दिवा चालू. नानांनी चप्पल न काढता आत जाऊन बटण बंद केलं, प्लग उपटला. परक्या बाईच्या घरात. बाई दचकून उभ्या राहिल्या.

नानांनी नाव सांगितलं. मग तिथंच जमिनीवर बसून सगळं सांगितलं. चिमाकाकूंची मांडी कशी सोलली ते सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. साळुबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. नंतर पिशवी उचलून मांडीवर ठेवली, वर पदर घातला.

"लेकानं पाठवलीय," त्या म्हणाल्या. "पयल्या पगारात न्हाई, बोनसात न्हाई, आसंच, आईची आठवण आली म्हणून. मी न्हाई द्यायची."

"देऊ नका. लावू तरी नका, बाई."

"भाऊ, आमचं मालक गाडा पळवायचं. हयात न्हाईत आता. घोडेगावच्या घाटात ते व्हतं त्या दिवशी. घरी येऊन आठ दिस तेच सांगत व्हतं, कुंडलिकनं सख्ख्या मेव्हण्याची बारी भोंग्यावर परत घेतली म्हणून. म्हणून तर तुमचं नाव निघाल्यावर मी पोराला म्हणलं, घे डोळं झाकून."

बाईंनी पदराखालची पिशवी थोपटली.

"मग ही का न्हाई घेतली परत?"

"घेऊ देत न्हाईत, बाई."

"घेऊ देत न्हाईत म्हंजी? तोंड तुमचं, शब्द तुमचा."

मी मध्ये तोंड घातलं. साईट, नियम, मेल, सिस्टम सगळं सांगितलं. मीच बोलत होतो आणि माझं मलाच खोटं वाटत होतं. साळुबाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. त्या नानांना म्हणाल्या, "चांगलं सांगितलं ते साऱ्या जगात. आन वाईट सांगायला माज्या उंबऱ्यात आलाय व्हय?"

येताना नाना म्हणाले, "बरोबर बोलली ती."

माझ्या रागाचं तुम्हाला काय सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या मी साईटला फोन लावला. या वेळी डोकं शांत ठेवलं आणि माझ्या मते वकिलासारखं बोललो. तुमचा नियम आहे ना, की नाव-नंबर नसावा? मग कुंडलिक काकडेंचा जुना अभिप्राय बघा, त्यात नाव आहे, गाव आहे, नंबर आहे. तुमच्याच नियमानं तो चूक आहे. काढून टाका. ती पोरगी म्हणाली, "जी सर, आप सही कह रहे हैं." चोवीस तासांत करतो म्हणाली. मी हवेत. नाना आल्यावर त्यांना पेढा दिला.

चोवीस तासांनी त्यांनी फोन नंबर काढला. तेवढाच. नाव, गाव, पाच चांदण्या, आठ मिनिटं वीस सेकंद, डोळे झाकून घ्यावी, सगळं जागच्या जागी.

फोन यायचे थांबले.

पहिल्या दिवशी नानांना वाटलं रेंज नाही. रस्त्यावर जाऊन उभे राहिले, टपरीपर्यंत जाऊन आले. मला त्यांच्या मोबाईलवर रिंग द्यायला लावली. वाजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं, नाना, माझ्यामुळं झालं. नानांनी चार्जर गुंडाळला, खिशात घातला आणि गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो.

आळ्याची यात्रा चैत्रात. शर्यती तेव्हा कोर्टकचेरीपायी कधी बंद कधी चालू असायच्या, त्या साली चालू होत्या. नानांनी चार वर्षांपूर्वीच घड्याळ सोडलं होतं, आता इलेक्ट्रॉनिक मशीन आलं होतं. पण यात्रेच्या दिवशी सकाळीच मला फोन, ये म्हणून. गेलो. टोपी कडक इस्त्रीची, धोतर पांढरं. घाटाच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. दोन बाऱ्यांच्या मध्ये नाना मांडवाकडं गेले. भगवंत नावाचा पुकारणारा होता, त्यानं जुना मान म्हणून माईक लगेच हातात दिला. त्याला वाटलं नाना मंडळींना शुभेच्छा देतील.

"मी कुंडलिक, पिंपळवंडीचा," नाना म्हणाले. घाट थोडा शांत झाला. जुनी माणसं अजून आवाज ओळखत होती. "मी कॉम्प्युटरवर एका शेकायच्या पिशवीला चांगलं म्हणलं व्हतं. आठ मिन्टं वीस सेकंदात आपोआप बंद व्हती आसं सांगितलं व्हतं. तीनदा घड्याळ लावलं आन कायमचं सांगून बसलो. माजं चुकलं. ती बंद व्हत न्हाई. फुटती. माजी बायको भाजली. कुणी माज्या शब्दावर घेतली असंल तर लावू नका. त्यो शब्द मी परत घेतो."

पब्लिक हसली. हसणारच हो. बैल जुंपून उभे, हलगी थांबलेली, आणि हा म्हातारा शेकायच्या पिशवीचं सांगतोय. एकानं मागून ओरडून विचारलं, "नाना, आमच्या बैलाला चालंल का?" हशा झाला. माझ्या मुठी वळल्या, मी मागं वळून दोघातिघांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. नाना उभेच होते. हसणं संपेपर्यंत थांबले, मग तेच सगळं पहिल्यापासून दुसऱ्यांदा सांगितलं आणि माईक भगवंतच्या हातात दिला.

बायका घाटाच्या वरच्या अंगाला बसतात. तिथून साळुबाई उतरून घरी गेल्या आणि तासाभरानं परत आल्या. हातात फडक्यात बांधलेली पिशवी. मांडवात येऊन टेबलावर, त्या मशीनच्या शेजारी ठेवली. नानांना म्हणाल्या, "आता ऐकलं मी."

मला वाटलं संपलं. जिंकलो. परतताना मीच एकटा बडबडत होतो.

दुसऱ्या दिवशी नाना कॅफेवर आले आणि म्हणाले, "ते पान उघड." मी म्हणालो, कशाला नाना, झालं की आता. उघड म्हणाले. उघडलं. नाव तिथंच होतं. त्याच्याखाली साईटवाले एक बारीक ओळ टाकतात, की हा अभिप्राय इतक्या लोकांना उपयोगी पडला. मी ती कधी नीट वाचली नव्हती. नानांनी तिच्यावर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय?"

"एक्केचाळीस जणांना उपयोगी पडला, असं लिहिलंय."

"आळ्यातली एक आली परत," ते म्हणाले. "म्हंजी चाळीस ऱ्हायली."

मी म्हणालो, तसं काही नसतं नाना, बघणारे नुसतं बटण दाबतात, सगळेच काही घेत नाहीत. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

"त्यांची नावं-गावं मिळत्यात का रं? मी जातो एकेकाकडं."

"नाही नाना. तिथं कोणाचं नाव नसतं."

त्यांनी मान हलवली. खिशातून चार्जर काढला, माझ्या इन्व्हर्टरच्या बोर्डाला लावला, मोबाईल त्याला जोडून टेबलावर ठेवला आणि बाकड्यावर बसले. नंबर काढून टाकलाय हे त्यांना माहीत होतं. जेवायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत.